सर जॉन ग्लॅडस्टन आणि त्यांनीं न पाहिलेले मळे

विलायतेचे चार वेळां मुख्य प्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. परंतु ज्यांच्या पैशावर त्या पुत्राचें शिक्षण झालें व पार्लमेंटाची वाट त्यास सोपी झाली, ते त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन कोण होते हें फार थोड्यांस ठाऊक आहे. आपल्या काळीं ते लिव्हरपूल बंदरांतील पहिल्या प्रतीचे व्यापारी, पार्लमेंटाचे सभासद आणि उपासनामंदिरें बांधणारे धर्मशील गृहस्थ म्हणून गाजले होते. त्यांच्या चरित्रांत अनुकरण करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि ज्याचें भय धरावें असेंही आहे. दोन्ही सांगितल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं, म्हणून आम्ही दोन्ही सांगतों.

जॉन यांचा जन्म स्कॉटलंडांतील लीथ बंदरीं इ. स. १७६४ च्या डिसेंबर महिन्यांत ११ तारखेस झाला. वडील टॉमस हे धान्याचे व्यापारी होते. घरांत सोळा मुलें, व मुलग्यांत जॉन वडील. त्यामुळें शाळा लवकर सुटली. कांहीं काळ ते दोरखंड व शिडाचें कापड करणाऱ्या कारखान्यांत उमेदवारीस होते, मग बापाच्या दुकानीं बसले. १७८७ सालीं ते लिव्हरपुलास गेले व एडगर कॉरी नांवाच्या धान्याच्या व्यापाऱ्याशीं त्यांनीं भागी केली. १७९० सालीं पेढीनें त्यांस धान्य खरेदीसाठीं अमेरिकेस धाडिलें, आणि माल आणण्यास मागोमाग गलबतेंही निघालीं. जॉन तेथें पोंचतात तों तिकडेही पीक बुडालेलें! धान्य नाहीं, आणि गलबतें तर वाटेवर. तीं रिकामीं परततीं तर पेढी बसली असती. परंतु तरुण जॉन यांनीं धीर न सोडतां ठिकठिकाणीं फिरून दुसरा माल मिळविला व गलबतें भरून परत लाविलीं. पेढी वांचली, आणि हा मनुष्य संकटांत हातपाय गाळणारा नव्हे, हें लिव्हरपुलांत सर्वांस कळून चुकलें.

त्यांचें घरही नांवाजण्यासारखें होतें. पहिली पत्नी १७९८ सालीं वारल्यावर १८०० सालीं त्यांनीं ॲन रॉबर्टसन ह्या अत्यंत भाविक बाईशीं लग्न केलें. त्यांस चार मुलगे व दोन मुली झाल्या. त्यांतील धाकटा मुलगा तो विल्यम, ह्याचा जन्म १८०९ सालचा. जेवतांना मुलांनीं मुकाट बसूं नये, जो विषय निघेल त्यावर बापाशींही कारण देऊन वाद घालावा, अशी त्या घरची रीत होती. लिव्हरपुलांत व आपल्या सीफोर्थ येथील वाड्याजवळ जॉन यांनीं उपासनामंदिरें बांधविलीं. त्यांचा शब्द बाजारांत नाण्याप्रमाणें चालत असे. ह्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं त्या विसरूं नयेत अशी आमची विनंति आहे.

आतां त्यांची मोठी संपत्ति कोठून आली तें पाहूं. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर डेमरारा नांवाचा सखल प्रांत आहे. आज तो गयाना देशाचा भाग आहे. तेथें व जवळच्या कॅरिबियन बेटांत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमानें ऊंस, कापूस व कॉफी यांचे मळे पिकत. मळेवाल्यास जमीन, यंत्रें व माणसें घेण्यास पैसा लागे. तो पैसा लिव्हरपूल, ब्रिस्टल, ग्लासगो व लंडन येथील पेढ्या देत. आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस ही रीत नवी वाटणार नाहीं. सावकार जसा उभ्या पिकावर कर्ज देतो व पीक आपल्याच दुकानीं घालण्याची अट घालतो, तशीच ही अट असे. साखरेचीं पिंपें त्याच पेढीकडे यावयाचीं. अडत तिची, जहाजभाडें तिचें, विमा तिचा, आणि मळ्यास लागणारें सामानही तिच्याकडूनच घ्यावयाचें. कर्ज थकलें म्हणजे गहाण पडलेला मळा पेढीच्या नांवें होई. भेद एवढाच कीं, आमच्याकडे गहाणखतांत जमीन व बैल लिहिले जात, तेथें त्यांच्या ओळींत पुरुष, बायका व मुलें लिहिलीं जात.

ह्या वाटेनें ग्लॅडस्टन मळेवाले झाले. गुलाम वाहणारीं जहाजें चालवून त्यांनीं आपलें धन केलें नाहीं. तो व्यापार तर १८०७ च्या कायद्यानें बंदच झाला. परंतु मळ्यांवर राबणारे लोक गुलामच राहिले. १८०३ सालीं त्यांचा पैसा डेमरारांतील बेलमाँट मळ्यांत गुंतला. १८१२ सालीं त्यांनीं सक्सेस नांवाच्या मळ्याचा अर्धा हिस्सा घेतला व पुढें सगळा मळा विकत घेतला. सक्सेस म्हणजे यश. तेथें पूर्वी कॉफी व कापूस होई. नव्या मालकानें ऊंस लावविला, कारण साखरेंत नफा अधिक होता. परंतु उंसाचें काम फार कठीण. चिखलांत चर खणावे, ऊंस तोडावा, आणि गाळपाच्या दिवसांत रात्रींही चरक व कढया चालू ठेवाव्या. सक्सेसवरील गुलामांची संख्या दुपटीहून अधिक वाढविण्यांत आली. मुकादमाच्या हातीं चाबूक असे. आणि ग्लॅडस्टन ह्यांनीं हा मळा जन्मांत कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं. त्यांच्यापर्यंत येत तीं फक्त कारभाऱ्याचीं पत्रें, साखरेचीं पिंपें आणि जमाखर्चाचा मेळ.

इकडे हिंदुस्थानाशींही त्यांचा संबंध जडला. १८१३ सालीं ईस्ट इंडिया कंपनीची नवी सनद झाली, तेव्हां ह्या देशाशीं व्यापार करण्याचा तिचा एकटीचा हक्क गेला. त्याच सनदेनें मिशनऱ्यांसही वाट मोकळी झाली, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. लागलीच १८१४ सालीं ग्लॅडस्टन यांचें किंग्समिल नांवाचें जहाज लिव्हरपुलाहून कलकत्त्यास निघालें. त्या बंदरांतून खासगी व्यापारासाठीं इकडे आलेलें तें पहिलें जहाज होय. कलकत्त्याच्या ह्या ओळखीचें फळ पुढें काय निघालें तें आम्ही योग्य ठिकाणीं सांगूं.

सक्सेसच्या जवळच ल रेसूव्हनीर नांवाचा मळा होता, व त्यावर लंडन मिशनचें बेथेल नांवाचें उपासनामंदिर होतें. १८१७ सालीं जॉन स्मिथ नांवाचे तरुण मिशनरी तेथें आले. गुलामांस वाचावयास शिकवाल तर हद्दपार करीन, अशी ताकीद गव्हर्नरानें त्यांस पहिल्या भेटींतच दिली होती. तरी मंडळी वाढली. तींतील एक डीकन क्वामिना हे सक्सेस मळ्यावरील सुतार. वयानें प्रौढ, शांत व सर्वांच्या विश्वासाचे असे ते होते. त्यांची पत्नी पेगी मरणास टेंकली असतां तिच्यापाशीं बसण्यास त्यांस कामावरून मोकळीक मिळाली नाहीं. संध्याकाळीं ते घरीं आले तेव्हां ती मरून पडली होती. त्यांचा मुलगा जॅक पिंपें बनविण्याचें काम करी. मालकाचें आडनांव गुलामास लागत असे, म्हणून त्याचें नांव जॅक ग्लॅडस्टन. अशा रीतीनें एकाच आडनांवाचीं दोन घरें झालीं : एक लिव्हरपुलांत, दुसरें सक्सेसच्या झोपडींत.

१८२३ च्या मे महिन्यांत पार्लमेंटानें ठराव केले कीं, गुलामांची स्थिति सुधारावी. त्यावरून सरकारनें हुकूम काढिले कीं, स्त्रियांस फटके मारूं नयेत व शेतांत चाबूक नेऊं नये. हे हुकूम डेमरारास पोंचले. परंतु मळेवाल्यांच्या भीडेनें गव्हर्नरानें ते दाबून ठेविले. मालकांच्या जेवणाच्या टेबलापाशीं जें बोलणें चाले तें नोकर ऐकत. राजानें आपणांस कांहीं दिलें आहे व मालक तें लपवीत आहेत, अशी कुजबुज मळ्यामळ्यांतून पसरली. जॅक व त्याचे सोबती उठण्याच्या विचारास लागले. क्वामिना यांचें मत निराळें होतें. सर्वांनीं कामावरील हत्यारें खालीं ठेवावीं, कोणाचें रक्त सांडूं नये, आणि गव्हर्नराकडे दाद मागावी, असें त्यांनीं सांगितलें. १८ ऑगस्ट रोजीं सक्सेसवर उठाव झाला व तो आसपासच्या पुष्कळ मळ्यांवर पसरला. दहा हजारांहून अधिक गुलाम त्यांत सामील होते असें मानितात. पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्या इतक्या लोकांच्या हातीं मालक व कारभारी सांपडले असतां त्यांनीं बहुतेकांस खोड्यांत घालून ठेविलें. मेलेले गोरे दोघांतिघांहून अधिक नव्हते.

सरकारचा हात मात्र असा आवरला गेला नाहीं. लष्करानें गोळीबार करून दोनशेंहून अधिक लोक मारिले. मागाहून चौकशी होऊन तिसांहून अधिकांस फांशी झाली. क्वामिना रानांत गेले होते. १६ सप्टेंबर रोजीं त्यांस गोळी घालण्यांत आली आणि त्यांचें प्रेत सक्सेसपुढील रस्त्यावर सांखळ्यांनीं टांगून ठेविण्यांत आलें. जॅक याची फांशी रद्द होऊन त्यास सेंट लूशिया बेटावर पाठविलें. स्मिथसाहेबांवर लष्करी न्यायसभा बसली, व गुलामांस चिथावल्याचा आरोप ठेवून त्यांस मरणाची शिक्षा सांगितली. मात्र दयेची शिफारस केली. त्यांस क्षयाची व्यथा होती. ६ फेब्रुवारी १८२४ रोजीं ते तुरुंगांतच वारले. राजानें शिक्षा माफ केल्याची बातमी पोंचली तेव्हां त्यांस रात्रींच्या वेळीं, खुणेचा दगडही न ठेवितां, पुरून टाकिलेलें होतें. हें प्रकरण जूनमध्यें पार्लमेंटापुढें निघालें; न्यायसभेस दोष देणारा ठराव १४६ विरुद्ध १९३ मतांनीं पडला. ग्लॅडस्टन त्या वेळीं त्याच सभेचे सभासद होते.

मनुष्याची परीक्षा होण्याची वेळ ती हीच. लिव्हरपुलांतच जेम्स क्रॉपर नांवाचे क्वेकर पंथाचे व्यापारी राहत. त्यांनीं १८२३ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतून गुलामगिरीवर पत्रें लिहिण्यास आरंभ केला, व ग्लॅडस्टन यांनीं दुसऱ्या पत्रांतून त्यांस उत्तरें दिलीं. क्रॉपर हे स्वतः हिंदुस्थानच्या साखरेचा व्यापार करीत, म्हणून त्यांचाही ह्यांत स्वार्थ आहे, असें ग्लॅडस्टन यांनीं दाखविलें. तें अगदींच खोटें नव्हतें. परंतु आपल्या मळ्यावरील लोकांस चांगलें घर, कपडा व अन्न मिळतें, त्यांस सुखानें वागवितात, असें जें त्यांनीं लिहिलें, तें कोणत्या आधारावर? ज्यांच्याविषयीं तक्रार होती त्या कारभाऱ्यांच्याच पत्रांवर. धान्य विकत घेतांना मूठभर दाणे हातांत घेऊन पाहिल्याशिवाय जो मनुष्य सौदा करीत नसे, त्यानें शेंकडों जिवांविषयीं मात्र दुसऱ्याचा शब्द न तपासतां घेतला. १८२८ सालीं त्यांनीं आपला मुलगा रॉबर्टसन ह्यास डेमरारास पाठविलें. त्यास कारभारी आळशी व लबाड दिसला, व बापानें त्यास काढून टाकिलें. कारभारी बदलला, मळ्याची रीत तीच राहिली. १८३० सालीं ग्लॅडस्टन यांनीं गुलामगिरीच्या बाजूनें एक पुस्तिकाही छापिली.

१८३३ सालीं पार्लमेंटापुढें गुलामांच्या मुक्ततेचा कायदा आला. व्ह्रीड-एन-होप हा ग्लॅडस्टन यांचा दुसरा मोठा मळा. त्या डच नांवाचा अर्थ शांति व आशा. तेथें साखर वाढली तसे मृत्युही वाढले, असा आरोप सभेंत झाला. तेव्हां विल्यम नुकते सभासद झाले होते. ३ जून रोजीं त्यांनीं भाषण करून बापाच्या कारभाऱ्याचा बचाव केला. इतर ठिकाणीं क्रौर्य घडलें आहे हें त्यांनीं नाकारिलें नाहीं. मुक्तता हळूहळू व भरपाईसह व्हावी असें त्यांचें म्हणणें होतें. कायदा झाला, व १ ऑगस्ट १८३४ पासून अमलांत आला. सरकारनें २ कोटी पौंड भरपाई ठरविली. ती कोणास? ज्यांचे श्रम लुटले गेले त्यांस नव्हे, तर ज्यांनीं लुटले त्यांस. ग्लॅडस्टन यांस डेमरारा व जमेका येथील नऊ मळ्यांवरील २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले. म्हणजे दर माणशीं सुमारें ४२ पौंड. त्या २,५०८ जणांस एक पैसा मिळाला नाहीं. उलट उमेदवारी ह्या गोड नांवाखालीं त्यांस आणखी कांहीं वर्षें जुन्याच मालकाकडे बिनमोल राबावें लागलें. ही भरपाई देण्यास सरकारनें जें कर्ज काढिलें तें इ. स. २०१५ सालीं पुरतें फिटलें.

आतां कलकत्त्याची गोष्ट. मोकळे झालेले लोक पूर्वीसारखे राबणार नाहींत, हें चतुर व्यापाऱ्यानें आधींच ओळखिलें होतें. १८३६ च्या जानेवारींत ग्लॅडस्टन यांनीं कलकत्त्याच्या गिलँडर्स, आरबथनॉट आणि कंपनीस पत्र लिहून आपल्या मळ्यांसाठीं शंभर मजूर मागविले. हीच कंपनी त्यापूर्वी मॉरिशस बेटास मजूर धाडीत असे. आमच्या कोंकणांतील लोकही त्या बेटावर अशाच करारानें गेले. कंपनीनें उलट कळविलें कीं, डोंगरी लोक मिळण्यास अडचण नाहीं. त्यांस धर्म नाहीं, विद्या नाहीं, खाणेंपिणें व झोंप यांपलीकडे गरज नाहीं. आणि कोठें जावयाचें, प्रवास किती लांबीचा, हेंही त्यांस उमगत नाहीं. हें उत्तर वाचून त्या भाविक गृहस्थाचा हात थांबावयास पाहिजे होता. थांबला नाहीं, त्यांनीं काम पुढें चालविलें.

१८३८ च्या जानेवारींत व्हिटबी व हेस्पेरस हीं दोन जहाजें कलकत्त्याहून निघालीं. त्यांत छोटा नागपूरच्या डोंगरांतील व बंगाल्यांतील पुरुष बहुत, स्त्रिया व मुलें अगदीं थोडीं. कांहीं वाटेंतच वारलीं. ५ मे रोजीं ३९६ जण डेमरारास उतरले, आणि त्यांतील कांहीं व्ह्रीड-एन-होपवर गेले. त्याच वर्षीं १ ऑगस्ट रोजीं तेथील जुने गुलाम पूर्ण मोकळे झाले. म्हणजे एकांच्या पायांतली बेडी निघण्यापूर्वींच दुसऱ्यांच्या बोटाचा ठसा करारावर उमटला होता! लवकरच गुलामगिरीविरोधी मंडळाचे जॉन स्कोबल यांनीं तेथें जाऊन चौकशी केली. मजुरांस फटके मारितात, आजारी मजुरांची दुर्दशा होते, आणि कांहींच्या जखमांवर मिठाचें पाणी चोळिलें, अशा साक्षी निघाल्या. बोभाटा होऊन हिंदुस्थान सरकारनें १८३९ सालीं ही भरती बंद केली. पांच वर्षांची मुदत संपल्यावर २३६ जण स्वदेशीं परतले, सुमारें साठ तेथेंच राहिले, आणि बाकीचे सुमारें शंभर मरण पावले. परंतु एकदां उघडलेली वाट बुजली नाहीं. १८४५ पासून भरती पुन्हां सुरू झाली व १९१७ पर्यंत चालली. एवढ्या काळांत सुमारें २ लक्ष ३९ हजार हिंदी लोक त्या एका वसाहतीस गेले.

ग्लॅडस्टन यांनीं १८४० च्या सुमारास डेमरारांतील बहुतेक मळे विकून टाकिले. पैसा त्यांनीं रेल्वे वगैरे धंद्यांत घातला. स्कॉटलंडांतील फास्क ही जहागीर त्यांनीं आधींच घेतली होती. तेथें ते राहूं लागले. १८४६ सालीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली व ते सर जॉन झाले. ७ डिसेंबर १८५१ रोजीं, सत्याऐंशीं वर्षें पुरीं होण्यास चार दिवस असतां, ते आपल्या माणसांत शांतपणें वारले. बेथेलचे डीकन क्वामिना यांस मूठमाती देण्यासही कोणी मोकळा नव्हता, ही गोष्ट आम्हांस येथें आठवते.

इ. स. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत, त्या उठावास दोनशें वर्षें झालीं तेव्हां, ग्लॅडस्टन घराण्याचे वंशज गयानांत गेले व तेथील विश्वविद्यालयांत उभें राहून त्यांनीं पूर्वजाच्या गुलामगिरीबद्दल व हिंदी मजुरांच्या भरतीबद्दल उघड क्षमा मागितली. ती पुरेशी नाहीं असें म्हणणारेही तेथें होते, व त्यांचें म्हणणें वावगें नव्हे. तरी जो देश जॉन यांनीं पाहिला नाहीं, त्याच्या भूमीवर त्यांचे वंशज पाय ठेवून तें मान्य करिते झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

सर जॉन ढोंगी होते असें आम्हांस वाटत नाहीं. ढोंगी असते तर त्यांचें चरित्र आमच्या फारसें कामाचें नसतें; आपण ढोंगी नाहीं असें म्हणून आपण तें बाजूला ठेविलें असतें. ते वचनाचे खरे, कुटुंबवत्सल, दानशूर व प्रार्थनाशील होते, आणि तरीही त्यांच्या हातून हें झालें. जें डोळ्यांपुढें होतें त्यांत ते नीतीनें वागले. जें समुद्रापलीकडे होतें तें त्यांनीं कारभाऱ्यावर सोंपविलें आणि आंकडे जुळले म्हणून समाधान मानिलें. मंडळीच्या वहींत वर्गणी देणाऱ्याचें नांव लिहिण्यास रकाना असतो, रकमेसही असतो. तो पैसा कोणाच्या घामाचा, हें लिहिण्यास रकाना नसतो. आम्हीही अशीच वही ठेवितों. विटांच्या भट्टीवर, ऊंसतोडीच्या फडांत, कोणाच्या तरी कर्जाखालीं दबून राबणारीं माणसें आमच्याही गांवच्या वाटेनें जातात. त्यांच्याविषयीं मुकादमास न विचारतां, आपण स्वतः जाऊन त्यांस विचारावें. एवढें जरी ह्या चरित्रावरून आम्ही शिकलों, तरी क्वामिना यांचें स्मरण व्यर्थ झालें असें होणार नाहीं.